जेललाही चहा लागतो

रविवार, दुपार

प्रिय ठकू,

(पाकिटावर तुझं मोठं नाव घातलं आहे, पोस्टमनपुरतं. आत ठकूच.)

पडद्यांचे दोन रंग कळवून कुठला हवा असं तू विचारलंस, त्याला बरेच दिवस झाले. मी उत्तर दिलं नाही. रंग सांगितला असता तर मी नोकरी सोडून कायमची तुझ्याकडे येते हेही ठरल्यासारखं झालं असतं, आणि माझं तर काहीच ठरत नव्हतं. खोली तयार आहे, खिडकीतून सकाळचं ऊन येतं, जावईबापूंनी भिंतीला स्वतः रंग दिला आणि त्यातला निम्मा स्वतःच्या केसांना दिला, हे सगळं वाचून फार बरं वाटलं. तरी मी गप्प राहिले. आपल्या घरात बोलण्याचं खातं तुझ्या बाबांकडे होतं, तुला माहीत आहे. मी मान डोलवायची. आता मान डोलवून भागत नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. कामाबद्दलच जास्त लिहिणार आहे. लहानपणी मी वीज समजावून सांगायला लागले की तुला झोप यायची, तेव्हा आधी तोंडावर पाणी मारून घे.

'आई जेलीचं काहीतरी करते' असं तू लोकांना सांगतेस. ते काही फार चूक नाही. आमचं जेल दिसायला जेलीसारखंच असतं. मऊ, लिबलिबीत, बोटाने दाबलं की दबतं आणि सोडलं की परत जागेवर येतं. फरक इतकाच की यातून वीज जाते. जेल म्हणजे बहुतेक पाणीच, एका बारीक जाळीत धरून ठेवलेलं. त्या पाण्यात क्षारांचे, विजेचा भार असलेले कण असतात आणि तेच सरकत सरकत वीज वाहून नेतात. पाणी भरपूर असलं की ते मजेत चालतात, पाणी कमी झालं की अडखळतात. ही अडवणूक किती, म्हणजे जेलचा रोध किती, ते मोजणं हे माझं काम. प्रवाह एकाच दिशेने सोडला तर सगळे कण एका टोकाला जाऊन गोळा होतात आणि आकडा फसवा येतो. म्हणून तो सारखा पुढे-मागे झुलवत ठेवायचा. जेलला चार पिना लावायच्या. बाहेरच्या दोन वीज ढकलतात आणि आतल्या दोन फक्त कानोसा घेतात. बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे बाहेरच्या दोन मी आणि आतल्या दोन तू!" आणि मग आठवडाभर ते हा विनोद सगळ्यांना सांगत फिरले. दूधवाल्यालासुद्धा. त्याला पिना कुठल्या ते माहीत नव्हतं, तरी बिचारा हसला.

हे जेल कशासाठी, तेही सांगते. हृदयाचे ठोके टिपायला छातीवर पट्ट्या चिकटवतात ना, त्यासाठी. हल्लीच्या पट्ट्या दोन दिवसांत वाळतात, मग नीट टिपत नाहीत, आणि ओढून काढताना कातडीही सोलवटते. बाबांच्या छातीवर किती होत्या ते तू पाहिलं आहेस. नर्सबाई रोज जुन्या काढून नव्या लावायच्या आणि हे त्यांना म्हणायचे, "अहो, किती तिकिटं लावताय? इतक्या तिकिटांत पार्सल परदेशी जाईल." नर्सबाई हसायच्या, मी हसायचे, आणि पट्टी निघताना बाबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं असायचं ते कोणी बघितलं नाही असं सगळेच दाखवायचो. तेव्हा आमच्या मऊ जेलचं काम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. वाळणार नाही आणि सोलणार नाही, असं जेल आम्हाला हवं होतं.

आमच्याकडची माणसं तुला नावाने माहीत नाहीत, आणि नावं आम्हीही फारशी वापरत नाही. प्रमुख आहेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. वयाने त्या माझ्याहून पुष्कळ लहान आहेत, उंचीने तर सगळ्यांहून लहान. दुसरा सुगरण. हा चांगला दाढीवाला, दारातून आत येताना वाकावं लागणारा रसायनशास्त्रज्ञ. जेल तो तयार करतो, चमच्याने ढवळत, वास घेत, दिवा कमी-जास्त करत, म्हणून सुगरण. आधी तो चिडायचा. आता कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर मागे वळून बघत नाही.

बाबा गेल्यावर मी परत कामावर गेले तो दिवस सोपा नव्हता. त्यातही सगळ्यात अवघड होतं ते खालचं कँटीन. तिथे चहाला गेलं की कोणीतरी समोर येऊन बसायचं, मान एका बाजूला कलती करायचं आणि हात हातात घ्यायचं. माणसं चांगलीच गं, पण माझा हात त्यांच्या हातात, चहा समोर गार होतोय, आणि मला काय बोलावं ते सुचत नाहीये. नंतर नंतर मी चहाच बंद केला. मग एका सकाळी बघते तर आमच्याच खोलीत एक विजेची किटली आलेली. माझ्या टेबलाच्या बाजूला, जाळीच्या फळीखाली, कारण प्लग तेवढा तिथेच मोकळा होता. मी विचारलं, हे काय? सुगरण म्हणाला, "मला जिने चढवत नाहीत, गुडघे बोलतात." त्या वयात कसले गुडघे बोलतात! पण मी फार चौकशी केली नाही. सकाळ-दुपार तिथेच चहा व्हायला लागला. कँटीन सुटलं. मी मोकळा श्वास घेतला.

आणि नेमकं तेव्हापासून जेल बिघडलं.

म्हणजे असं, की आधी शहाण्यासारखं वागणारं जेल आता वाटेल ते आकडे द्यायला लागलं. सकाळी आल्याआल्या मोजलं तर ठीक. जरा वेळाने रोध खाली घसरलेला. मग सावकाश वर चढायचा, की दुपारी परत धपकन खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा साळसूद. आम्ही खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला, तारा बदलल्या. खोलीतली उष्णता बघितली, हवेतला दमटपणा बघितला. दमटपणा मोजायचं यंत्र समोरच्या भिंतीवर दाराशी आहे, ते म्हणे सगळं ठीक. सुगरणने तर हे मनाला लावून घेतलं. "माझ्या हाताची चव गेली," म्हणत त्याने तीनदा नवीन घाणा काढला (त्याचाच शब्द आहे). सगळे घाणे तसेच वागले. शेवटी तो म्हणाला, मी स्वतः मोजून बघतो. एका सकाळी लवकर येऊन त्याने लागोपाठ मोजलं आणि आकडे अगदी बिनचूक आले. तो खूश होऊन नाचला. मला मात्र एवढंच दिसलं की माझा सकाळचा पहिलाच आकडा ठीक यायचा आणि त्याचे सगळेच आले. त्याने मोजलं तर बरोबर आणि मी मोजलं तर चूक, याचा अर्थ सरळ होता. जेलमध्ये काही बदललं नव्हतं. खोलीत एकच गोष्ट बदलली होती, ती म्हणजे मी.

ठकू, हे मी तुला तेव्हा कळवलं नाही. मला वाटायला लागलं की माझे हात गेले. पिना मी वाकड्या लावते, कमी-जास्त दाबते, लक्ष नसतं. घरी भाजीत दोनदा मीठ पडत होतं आणि गॅसवर दूध ठेवून मी गॅलरीत उभी राहत होते, तेव्हा कामावरही तेच होत असणार. इतकी वर्षं मोजण्याशिवाय मी दुसरं काही केलेलं नाही. मोजताच येत नसेल तर तिथे बसून काय करायचं? तेव्हाच तुझं रंगांचं पत्र आलं. मनात म्हटलं, झालं, बोलावणं आलंच आहे, निघावं.

मी मोठ्या बाईंना तसं सांगितलंसुद्धा. मुलगी बोलावते आहे, मला आता मोकळं करा. त्या खुर्चीत बसलेल्या होत्या, तिथून उठून उभ्या राहिल्या (तरी माझ्या खांद्यापर्यंतच) आणि म्हणाल्या, "जायचं तर जा. पण हे नाटक कोण करतंय ते शोधून द्या आणि मग जा. असं अर्धवट टाकून गेलात ना, तर मी जेलची बरणी घेऊन तुमच्या मुलीच्या दारात येऊन बसेन. जेवायलाही तिथेच." मी म्हटलं, नाटक मीच करते आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही? तुम्हाला साधं खोटं हसता येत नाही, तुम्ही कसलं नाटक करताय!" म्हणून मी थांबले. किती दिवस थांबायचं ते ठरवलं नव्हतं. रोज मोजत होते आणि रोज मनात सामान बांधत होते.

मग मागच्या महिन्यात किटली जळली. सुगरणनेच जाळली. पाणी न घालता बटण दाबलं आणि कोणाशी तरी गप्पा मारत उभा राहिला. धूर निघाला, वास सुटला, त्याला मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत झापलं, "सुगरण म्हणे! पाणी उकळता येत नाही!" त्या दिवशी चहा नाही. कँटीनला जायचं माझ्या मनात नव्हतं, आणि मी जात नाही म्हणून ती दोघंही गेली नाहीत. सगळी आपली जांभया देत, एकमेकांवर खेकसत बसलेली. दुपारी मी नेहमीप्रमाणे पिना लावल्या. आकडा घसरायची वाट बघत होते. घसरला नाही. पुन्हा लावल्या. नाहीच. सकाळचा तोच आकडा, सरळ रेषेत, जागचा हलायला तयार नाही. माझा विश्वास बसेना. सुगरणला हाक मारली. तो आला, आधीच वैतागलेला, वाकून आकडा बघितला आणि म्हणाला, "बसलंय तोंड फुगवून. त्यालाही आज चहा मिळाला नाही ना!"

म्हणाला खरा, आणि तसाच वाकलेला राहिला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी मिळून वरच्या जाळीच्या फळीकडे बघितलं, जिथे जेलचे नमुने ओळीने ठेवलेले असतात, आणि मग खाली, जिथे किटलीच्या बुडाचा गोल डाग तेवढा राहिला होता.

मी उठले. काचेच्या भांड्यात पाणी गरम केलं आणि त्या डागावर नेऊन ठेवलं. वाफ वर गेली, जाळीतून, थेट जेलच्या अंगावर. थोडा वेळ काही नाही. मग आकडा हलला. खाली, आणखी खाली, अगदी रोजच्यासारखा. जेल वाफ पीत होतं गं! सकाळ-दुपार आमच्याबरोबर चहाला बसत होतं, पाणी पोटात घेत होतं, कण मजेत हिंडत होते, आणि रात्रभरात वाळून सकाळी पुन्हा साळसूद होत होतं. सुगरणने मोजलं होतं ते आल्याआल्या, चहाच्या आधी! माझे हात ठीक होते. पिना सरळ होत्या. मी मोजत होते तो प्रत्येक आकडा खरा होता.

आणि मला हसू आलं. पहिल्यांदा नुसतं नाकातून. मग आवरेनाच. मी स्टुलावर बसले, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी, श्वास लागला, उचकी लागली. सुगरण आधी घाबरला, त्याला वाटलं मला झटका-बिटका आला. मग तोही सुरू झाला. त्याचं हसणं म्हणजे रिकामं पिंप जिन्यावरून सोडल्यासारखं. मोठ्या बाई आपल्या खोलीतून धावत आल्या, "काय फुटलं? काय फुटलं?" सुगरण म्हणाला, "बाई, जेल चहा पितंय! बिनसाखरेचा!"

त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाल्या, "म्हणजे हे सगळं माझ्यामुळे." मी म्हटलं, तुमच्यामुळे कसं? तेव्हा बुटांकडे बघत, भरभर, तोंडातल्या तोंडात म्हणाल्या की किटली त्यांनी घरून आणली होती. मला खाली कँटीनमध्ये जावं लागू नये म्हणून. सुगरणच्या गुडघ्यांची गोष्टही दोघांनी मिळून ठरवली होती. "एवढं करून तुम्हालाच छळलं की मी," म्हणाल्या. आमच्याकडे असं कोणी कोणाशी बोलत नाही. मी फक्त म्हटलं, "चहा चांगला असायचा." त्यावर सुगरण म्हणाला, "बघा, जेलचंही हेच मत आहे," आणि सगळे पुन्हा हसलो.

यातून एक फायदाही झाला. वाळलेलं जेल थोड्या ओलाव्याने पुन्हा पूर्ववत होतं, हे आम्ही आपणहून कधी तपासलंच नसतं. मोठ्या बाईंच्या डोक्यात लगेच आलं की माणसाची कातडीही सतत थोडी ओली असतेच, मग वरून वाळू न देता खालचा ओलावा जेलला पिऊ द्यावा. आता पट्टीला वरून एक पातळ आवरण लावलं आहे. पहिली पट्टी कोणावर लावायची यावर वाद नव्हता. ज्याने किटली जाळली त्याच्या छातीवर. तिथे जंगल आहे, म्हणजे परीक्षा कठीण. चार दिवस ठेवून परवा ती काढली. तो डोळे मिटून, टेबलाची कड धरून, ओठ आवळून उभा. मोठ्या बाई म्हणाल्या, "उघडा डोळे, केव्हाच निघाली." कातडी लाल नाही, एक केस उपटलेला नाही, आणि मी मोजलं तर रोध लावताना होता तेवढाच. अजून पुष्कळ लोकांवर, पुष्कळ दिवस बघावं लागेल. पण मी त्या मऊ चकतीला बोटाने दाबून बघितलं, ती दबली आणि परत जागेवर आली, आणि मला वाटलं, बाबांना ही लावायला मिळायला हवी होती. रडू नाही आलं. नुसतं वाटलं. मग मी पुढची पिन पुसायला घेतली.

तेव्हा ठकू, मी कायमची येत नाही. सुट्टी काढून येईन, चांगली लांब सुट्टी, आणि तुझ्या खोलीत लोळेन. पण परत इथे येईन. रुसू नकोस. तुझ्या बोलावण्यात काही कमी नव्हतं. मी तुझ्याकडे निघाले होते ते माझ्या हातांवरचा विश्वास उडाला म्हणून, आणि अशा आईला घरी नेऊन तू काय केलं असतंस? रोज मीठ मोजत बसलो असतो दोघी. घर मोठं वाटतं, हे खरं आहे. संध्याकाळी जास्त वाटतं. पण सकाळी कामावर जायची मला घाई असते, आता पुन्हा असते, आणि हे तुला कळावं असं वाटलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. ते आता लिहिते. ज्या दिवशी जेलचा छडा लागला त्या संध्याकाळी मी तुला फोन केला होता. आठवतं? तू उचललास तेव्हा हसत होतीस. मागे जावईबापूही मोठ्याने हसत होते, काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि तुला धड 'हॅलो'ही म्हणता येत नव्हतं. मग मी म्हटलं, "ठकू, मी बोलते आहे," आणि तुझं हसणं एकदम थांबलं. मागे त्यांनाही तू हाताने गप्प केलं असणार, कारण तिकडचाही आवाज बंद झाला. तू अगदी खालच्या आवाजात विचारलंस, "आई, बरी आहेस ना? जेवलीस?" मीही तसल्याच आवाजात म्हटलं, "हो, बरी आहे. जेवले." आणि फोन ठेवला. अगं, मी नंबर लावला तेव्हा मीही हसतच होते! बाबांना जाऊन वर्ष व्हायच्या आत आईसमोर कसं हसायचं असं तुला वाटलं, आणि लेकीसमोर कसं हसायचं असं मला. दोघी मायलेकी आपापलं हसू तोंडात दाबून एकमेकींची तब्येत विचारत बसलो. यापुढे असं करायचं नाही. फोन उचलशील तेव्हा हसत असलीस तर हसतच बोल, कळेल मला. मीही थांबवणार नाही. आणि त्या संध्याकाळी तुम्ही दोघं एवढे कशाला हसत होतात, काय पडलं होतं, ते मला सगळं पहिल्यापासून सांग.

तुझीच,
आणि अजून नोकरीत असलेली,
आई